टाक्यांखालचं सोल्युशन

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, काका, काहीतरी प्रेरणादायी लिहा. तरुणांना वाचायला आवडेल असं. मी हो म्हटलं आणि आठवडाभर कोऱ्या कागदापुढे बसलो. प्रेरणादायी माझ्याकडे फारसं काही निघेना. चाळीस वर्षं लोकांचे पाय हातात धरले, त्यात अभिमान वाटावा अशा गोष्टी आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलो की डोळ्यांपुढे एकच तपकिरी चपलांचा जोड येतो. तेव्हा तोच लिहितो. संपादकांना नाही आवडलं तर त्यांनी छापू नये.

मी दुखऱ्या पायांची पादत्राणं बनवायचो. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक नावाच्या वस्तीत माझं दुकान होतं. पाटी इंग्रजीत होती, ऑर्थोपेडिक फुटवेअर. मराठीत लिहून बघितलं होतं सुरुवातीला, तर लोक तुटलेला अंगठा शिवायला चपला घेऊन यायचे. त्यात मला कमीपणा नाही. माझा बाप गावात तेच करायचा, आणि माझ्यापेक्षा चांगलं करायचा. मी मुंबईत एका मोठ्या रुग्णालयाच्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं काढली, तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून जोडे बनवायला शिकलो आणि मग इकडे येऊन स्वतःचं थाटलं.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातलं एवढंच कळलं तरी पुरे की पायाचं दुखणं बहुतेक वेळा भाराचं असतं. सगळं शरीर तीन जागांवर उभं असतं: टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ. यातल्या एखाद्या जागेवर वाजवीपेक्षा जास्त भार पडला की ती बोंबलायला लागते. आम्ही माणसाला कागदावर उभं करतो, पेन्सिल सरळ धरून पायाची रेघ काढतो, मग शाईच्या पट्टीवर ठसा घेतो. जिथे ठसा गडद, तिथे भार. त्याच्या मागे चपलेत बारीकसा उंचवटा दिला की भार सरकतो आणि माणूस सुटतो. हे दोन-तीन मिलिमीटरचं काम आहे. पण गिऱ्हाईक काय करतं? चपलेत अंगठा दाबून बघतं आणि म्हणतं, मऊ नाही वाटत हो. अरे, मऊ हवं तर गादीवर उभा राहा दहा मिनिटं, मग बोल. हे मी तोंडावर सांगायचो. त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेली, ती जाऊ देत.

दुसरी गोष्ट सोल्युशनची. चामडं, रबर, तळ, सगळं चिकटवायचा तो पिवळा, काकवीसारखा घट्ट पदार्थ. दोन्ही बाजूंना ब्रशने लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत सुकू द्यायचं, मग एकावर एक ठेवून हातोडीने ठोकायचं. जवळच्या हाटकेशला एका गाळ्यात मोठ्या डब्यांतून मिळायचं, तिथून मी आणायचो. झाकण उघडलं की नाकात झिणझिण्या येतात. माझ्या नाही यायच्या. मी त्या वासात इतकी वर्षं बसलो होतो की दुकानात वास आहे हेच मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी डोकं जड व्हायचं, बायको म्हणायची घरी आल्यावर खेकसता, मी म्हणायचो दिवसभर लोकांचे पाय बघून तू बघ हसता येतंय का.

आणि पाय मला वाचता येतो याची घमेंड होती. उत्तनहून एक पावलूआजोबा यायचे, जन्म होडीवर गेलेला. अंगठा पार आडवा होऊन शेजारच्या बोटावर चढलेला. नातीच्या लग्नाला चर्चमध्ये बूट घालायचा होता. त्यांना विचारलं, दुखतं का. म्हणाले, "दुखते हाय. पन सांगाचा कोनाला न्हाय." मी तीन आठवडे त्या बुटावर घालवले. लग्न झालं, आजोबा बूट हातात घेऊन दुकानात आले आणि सांगून गेले की जोडा झकास हाय, पण चर्चमधून बाहेर पडल्या पडल्या काढला, पायाला बूट माहीत न्हाय. मी रागावलो नाही. आडवा अंगठा मला दिसला होता. दुखणं दिसलं की माझा विश्वास बसायचा. आता कळतंय, तो विश्वास आजोबांवर नव्हताच, माझ्या डोळ्यांवर होता.

शुभदाताई आल्या त्या मार्चमध्ये, दुपारच्या वेळी. नाव बदललंय, आणि ते कुटुंब आता इकडे राहतही नाही. तेव्हा जवळच पूनम सागर वसाहतीत राहायचे. वय चाळिशीच्या आतबाहेर. दुकानात आल्याच नाहीत. समोर फुटपाथच्या कडेला, लावून ठेवलेल्या स्कूटरपाशी उभ्या राहिल्या, नाकाला रुमाल, आणि तिथून म्हणाल्या की काका, जरा बाहेर येता का.

माझं डोकंच फिरलं. दुकानात शेकडो माणसं येऊन गेली, कुणाच्या नाकाला धाड भरली नव्हती. हातातलं काम मुद्दाम सावकाश संपवलं आणि मग गेलो. पायात बघतो तर गोधडीच्या तुकड्यांच्या सपाता, घरी शिवलेल्या. म्हटलं हे काय? तर म्हणाल्या, आईने करून दिल्यात, दुसरं काही घालता येत नाही.

मग त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी घराला रंग काढला, नवीन फर्निचर केलं, पॉलिश केलं, आणि दुसरीकडे जायची सोय नव्हती म्हणून त्याच वासात महिनाभर झोपले. घरातल्या बाकीच्यांना काही झालं नाही. यांना तेव्हापासून कुठलाही तसला वास चालेना. फिनाइल, अत्तर, उदबत्ती, रंग, नव्या चपला. आधी डोकं भणभणतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांधे धरतात. बोटांची पेरं, घोटे, आणि सगळ्यात जास्त तळपाय. सकाळी टाच जमिनीला टेकवली की कळ थेट गुडघ्यापर्यंत. रक्त तपासून झालं, फोटो काढून झाले, सगळं स्वच्छ. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, एकाने टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र बसवून ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, असं काही जणांना होतं, का होतं ते आम्हाला नीट माहीत नाही. तुम्ही एक वही घाला. कशाशी संबंध आला आणि नंतर काय दुखलं ते लिहा. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि चार दिवस थांबायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर वही फुकट.

ती वही त्यांच्या पर्समध्ये होती. रेघा मारून, रकाने पाडून, शिक्षिकेच्या अक्षरात. त्या शिक्षिकाच होत्या, तिसरीच्या वर्गाच्या. वर्षभर बिनपगारी रजेवर होत्या, आणि शाळेने सांगून टाकलं होतं की जूनमध्ये हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. यांच्या वर्गाची फरशी नुसत्या पाण्याने पुसायची एवढं त्यांनी कबूल केलं होतं. वहीच्या जोरावर शुभदाताईंनी घरचंही बरंच जमवत आणलं होतं, दुखणं निम्म्यावर आलं होतं. राहिलं होतं ते पायातलं. फरशीवर पाच तास अनवाणी उभं राहवत नव्हतं आणि गोधडीच्या सपाता तासाभरात चपट्या व्हायच्या.

मी म्हटलं, बसून शिकवा की. त्यावर त्या हसल्या. "तिसरीला बसून शिकवता येत नाही काका. मुलं पहिल्या दिवशी ओळखतात, बाई उठणार नाहीत म्हणून." आणि मग हळूच म्हणाल्या, "मला दुसरं काही येत नाही हो. आणि दुसरं काही करावंसंही वाटत नाही."

माप घ्यायची फळी बाहेर आणली, स्कूटरच्या सीटला धरून त्या उभ्या राहिल्या, मी फुटपाथवर उकिडवा बसून माप घेतलं. जाणारे-येणारे बघत होते. ठसा घेतला. सांगतो तुम्हाला, इतका सुंदर ठसा मी वर्षभरात पाहिला नव्हता. कमान जागेवर, भार तिन्ही ठिकाणी सारखा, एक भोवरी नाही. घोट्याला अंगठा लावला तर त्यांनी श्वास आत ओढला, तेवढंच. मनात म्हटलं, पाय तर उत्तम आहे, दुखणं वरच्या मजल्यावर आहे. हे असं म्हटलं मी मनात. लपवून काय करू.

तरी बढाई मारायची हौस गेली नव्हती. म्हटलं, ताई, माझ्या बापाने जन्मात सोल्युशनला हात लावला नाही. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीने, म्हणजे बारीक पट्टीने शिवायचं. शिवताना दोन तळ सरकू नयेत म्हणून मध्ये चिंचोक्याची खळ लावायची, बाकी काही नाही. तसा जोड देतो करून. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वास कमी येणाऱ्या चपला आहेत, दोन दिवस बाहेर ठेवा, असं सांगणारे दुकानदार त्यांना भेटले होते. करून देतो म्हणणारा मीच पहिला.

चार दिवसांनी त्यांचा नवरा आला, नितीन. एकटाच. विमा कंपनीत नोकरी, गळ्यात ओळखपत्र तसंच. माणूस वाईट नव्हता हे आधी सांगतो. थकलेला होता. आईची उदबत्ती बंद केलेली, त्यामुळे आई नाराज. स्वतःचं अत्तर, दाढीचं क्रीम बंद. कुणाच्या लग्नाला जायची सोय नाही. खुर्चीत बसून हे सगळं सांगून टाकलं. मग म्हणाला, "काका, एक करा. सोल्युशन लावूनच बनवा. वरून शिलाई दिसू दे. तिला सांगू नका."

मी म्हटलं, का हो?

म्हणाला, तिला काही त्रास झाला नाही तर पटेल ना, की हे सगळं मनाचं आहे. मग मी तिला बसवून शांतपणे सांगेन. तिच्याच भल्याचं आहे. तीन वर्षं चाललंय हे. आणि कळलं, त्रास झाला, तर लगेच काढून टाकू, एक जोड फुकट जाईल एवढंच.

ऐकायला किती साधं वाटतं बघा. मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बघतो म्हटलं. आमच्याकडे बघतो म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं.

बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो की नितीनने गळ घातली म्हणून झालं. तसं नाही. चामडं मी गावच्या भावाकडून खरंच सालीतलं मागवलं. कापलं. वादी भिजत घातली. दोन तळ एकावर एक ठेवून आरीने भोकं पाडायला घेतली आणि तळ सरकायला लागले. खळ हवी होती. चिंचोके भाजायचे, सोलायचे, भिजवायचे, वाटायचे, खळ शिजवायची, मग रात्रभर तळ दाबून ठेवायचे. माझ्या बोटांची पेरं तेव्हा आखडायला लागली होती, आरी धरली की अंगठा ओरडायचा. आणि सोल्युशनचा डबा हाताशी, झाकण अर्धं उघडंच. नितीनने मला फक्त कारण पुरवलं. पातळ हात फिरवला, दोन तळांच्या मध्ये, कडेपासून बोटभर आत. वरून शिलाई अशी देखणी मारली की बापानेही मान डोलावली असती. चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवला जोड. नाकाला लावून बघितला, मला काही वास आला नाही. मला कसा येणार होता?

मे महिन्याच्या शेवटी शुभदाताई न्यायला आल्या. तिथेच, स्कूटरपाशी. पायात घालून चार पावलं टाकली. थांबल्या, एक चप्पल काढून हातात घेतली, रुमाल बाजूला करून हुंगली. म्हणाल्या, थोडा वास येतोय काका. मी म्हटलं, चामड्याचा असतो, जाईल.

मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं.

"सोल्युशन नाही ना यात?"

"नाही."

पैसे देताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला. फुटपाथवर. मी पाय मागे घेतले नाहीत.

शाळा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी नितीनचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. शुभदा शाळेत जातेय, पाच तास उभी राहतेय, चपलांबद्दल एक अक्षर तक्रार नाही. बघितलंत ना काका? सांगितलं होतं ना तुम्हाला? म्हणाला, जरा रुळू दे तिला, मग योग्य वेळ बघून सांगतो. मीही खूश. बायकोला सांगितलं, एका बाईचं तीन वर्षांचं दुखणं मी एका जोडात घालवलं. सगळं नाही सांगितलं तिला, तेवढंच सांगितलं.

नंतर महिनाभर कुणाचा फोन नाही. मला वाटलं, सगळं सुरळीत.

जुलै संपत आला होता, पावसाने दोन दिवस उघडीप देऊन कडक ऊन पडलं होतं. समोर बघतो तर शुभदाताई स्कूटरच्या सीटला धरून उभ्या. चेहरा उतरलेला, बोटांची पेरं सुजलेली, मला दुकानातून दिसत होती. पायात त्याच चपला. मी बाहेर गेलो. म्हटलं, काय ताई, शाळा काय म्हणतेय?

म्हणाल्या, शाळा सोडली. परवा राजीनामा दिला.

त्याच सांगू लागल्या, अगदी शांतपणे, मुलांना गणित समजावून द्यावं तसं. शाळेत जायला लागल्याच्या चौथ्या दिवसापासून दुखणं परत आलं. आधी त्यांनी कुणाला कळू दिलं नाही, नितीन इतका आनंदात होता, त्याचा विरस करवेना. वही मात्र लिहीत होत्या. घरातलं एक एक बदलून बघितलं. साबण बदलला. कपाटातल्या साड्या सोडून तीन धुवट साड्याच नेसल्या. बाल्कनीत झोपल्या. काही उपयोग नाही. जूनमध्ये नव्याने आलेल्या गोष्टी दोनच होत्या, शाळा आणि शाळेसाठी राखून पहिल्या दिवशीच पायात घातलेल्या चपला. शाळेत सुट्टीत बाकांना पॉलिश केलं होतं. त्यांनी पान उघडून माझ्यापुढे धरलं. शाळेच्या रकान्यात बाकं, खडू, शेजारच्या वर्गातलं फिनाइल, सगळं ओळीने. चपलांच्या रकान्यात एकच ओळ होती: काकांनी हाताने शिवलेल्या, सोल्युशन नाही. आणि त्यापुढे: हे धरायचं नाही.

"म्हणजे शाळाच," त्या म्हणाल्या. "मन मानत नव्हतं, पण वहीत दुसरं काही उरलंच नाही. असू दे. असाच अजून एक जोड करून द्या काका. एवढी एकच गोष्ट माझ्या भरवशाची आहे."

मला खोटं बोलायची सवय नव्हती असं नाही. धंद्यात बोलावं लागतं. उद्या देतो म्हणायचं आणि आठ दिवसांनी द्यायचं, हे चालतंच. पण ते पान मी दोनदा वाचलं. मी म्हटलं, ताई, चपला काढा. त्यांना कळेना. मी आत जाऊन रांपी आणली, चामडं कापायची सुरी, आणि त्यांच्यासमोर एका चपलेची शिलाई कापून दोन तळ वेगळे केले. मधे पिवळा पापुद्रा. उन्हात धरला तेव्हा चकाकला.

त्यांनी रुमाल नाकाला लावला.

मला वाटत होतं शिव्या द्याव्यात, रस्त्यावर तमाशा करावा, निदान रडावं. त्यांनी वही उघडली. विचारलं, कधी लावलंत? मी तारीख सांगितली. किती? कुठपर्यंत? दोन्हीला? मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. लिहिता लिहिता बोटं दुखत होती, मध्येच पेन दुसऱ्या हातात घेऊन हात झटकत होत्या. मग मागची पानं उलटून प्रत्येक पानावरची चपलांची ओळ खोडली. दीड महिन्याची पानं. मी तिथेच उभा, हातात ती चिरलेली चप्पल.

त्यांना घरी जायला पायात काहीतरी द्यावं म्हणून मी मागे वळलो. माझ्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत चपला आणि बूट होते, आणि त्या बाईला देता येईल असा एक जोड नव्हता.

पुढचं सांगून टाकतो. त्या शाळेत गेल्या, राजीनामा परत घेता येईल का विचारायला. जागा भरली गेली होती, नवीन मुलीने दुसऱ्याच दिवसापासून वर्ग घेतला होता. मुख्याध्यापिकेला वाईट वाटलं, पण वर्षभर थांबून झालं होतं, पुन्हा काय आणि कसं सांगणार. मी चिंचोके आणले, भाजले, खळ केली आणि दोन जोड बनवले. बोटांनी दिवाळीपर्यंत सूड उगवला माझ्यावर, ते ठीकच झालं. नितीन न्यायला आला, पिशवी घेतली, माझ्याकडे न बघता गेला. दिवाळीच्या सुमारास कळलं की त्यांचं दुखणं थोडं उतरलं आहे. गेलं नाही, उतरलं. नंतर ते सगळे इथून दुसऱ्या गावी राहायला गेले.

आता कुणी विचारेल, त्या पातळशा सोल्युशननेच झालं का सगळं? मला माहीत नाही. बाकांचं पॉलिश असेल, शाळेची दगदग असेल, किंवा नितीन म्हणत होता तसं मनाचंही असेल. मी डॉक्टर नाही. पण ते कळायची या जगात एकच जागा होती, ती वही, आणि तिच्यात मी खोटं घातलं. मी सोल्युशन लावलं त्यापेक्षा हे वाईट केलं. त्या बाईने एवढ्या वासांच्या, धुरांच्या, डॉक्टरांच्या गर्दीत स्वतःच्या शरीराचं म्हणणं ऐकायला एक जागा करून घेतली होती. शरीर ओरडून सांगत होतं, चपला बघ. आणि ती त्याला म्हणत होती, गप्प बस, काकांनी शब्द दिलाय.

दुकान मी मागच्या वर्षी बंद केलं. गाळा भाड्याने दिला, तिथे आता मोबाइलची दुरुस्ती होते. लोक भेटले की म्हणतात, काका, तुमच्यासारखा पाय ओळखणारा नाही राहिला. मी मान हलवतो.

एक गोष्ट वर सांगायची राहिली, म्हणजे मी ठेवली. त्या जुलैतल्या दुपारी सगळं लिहून झाल्यावर शुभदाताईंनी वही मिटली नाही. पेन तसंच धरून विचारलं, "हे नितीनला माहीत होतं?"

बाजूने रिक्षा गेली. ती जाईपर्यंतचा वेळ मला मिळाला.

मी म्हटलं, "नाही हो. त्यांना काय कळतंय यातलं. माझाच आळस."

त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या देखत, शब्द न शब्द. लिहून झाल्यावर पहिल्यांदा त्यांचा आवाज कापला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "त्याला माहीत असतं, तर मला घरी जाता आलं नसतं."

मग त्यांनी वही पर्समध्ये ठेवली आणि तापलेल्या फुटपाथवरून, एका हाताने दुकानांच्या कठड्याला धरत, अनवाणी घरी गेल्या.